पांढरीतली सवत

आमचे मालक रखमाजी, माणूस सोन्यासारखा. दारू न्हाई, तमाशा न्हाई, माझ्यावर कधी हात उचलला न्हाई. तरीबी सांगते, त्यांनी घरात सवत आणली. अन् तीबी कोण, तर कैक पिढ्यांमागं मेलेली!

निजामाचं राज होतं तवा. शहागडाजवळ, गंगेच्या काठाला आमचं गाव. गंगा म्हंजी गोदावरीच. गावाला लागून पांढरीचं टेकाड. त्याच्या पोटात जुनं गाव गाडलेलं हाये, असं म्हातारे सांगायचे. दर उन्हाळ्यात तिथली पांढरी माती आणून घराच्या धाब्यावर घालायची, म्हंजी पावसात घर गळत न्हाई. त्या साली माती खांदताना मालकांना एक पाटा सापडला. आपण मिरची वाटतो तसलाच, पर झिजून खोल गेलेला. गाडीत मातीवर निजवून असा जपून आणला, मला बाळंतपणानंतर माहेरावरून आणतानाबी एवढं जपलं नव्हतं.

मंग सुरू झालं. भाकरीचा घास हातात अन् ध्यान पाट्याकडं. "ज्या बाईचा ह्यो पाटा, ती काय वाटीत असंल गं यावर? मिरची होती का तवा? वाटताना गाणं म्हणायची का? दमल्यावर तिची पाठ कोण चेपायचं?"

माझी पाठ मोडून राह्यली होती, अन् हे तिच्या पाठीची काळजी करून राह्यले! अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"तिलाच इचारा की जाऊन," मी म्हणलं.

शेजारची साळूबाई आगीत तेल ओतायला टपलेलीच. "गोजरे, सवत लई शांत भेटली गं तुला," म्हणली. मी तिला ताक देणंच बंद केलं.

एका सांजेला मी ठेचा वाटीत होते. मालक त्या जुन्या पाट्यावर हात फिरवीत बसलेले, ते एकदम ओरडले, "गोजर, सापडलं! ह्यो डाव्या अंगानंच झिजलाय बघ. म्हंजी ती बाई डावरी होती! बिचारीला सासूनं किती बोल लावले असतील!"

माझा हात वरवंट्यावर थांबला. डावा हात. लग्न होऊन आले तवापासून त्याच हाताचा जोर. त्याच्यापायी सासूनं चटका दिला, त्याचा डाग अजून हाये. तीन लेकरं झाली, तरी ह्या माणसाला पत्ता न्हाई! ठेचा काढून ठेवला, आमचा पाटा उचलला अन् त्या पाट्याशेजारी नेऊन आदळला.

"ह्यो कोणत्या अंगानं झिजलाय, सांगा बरं."

मालकांनी पाटा बघितला. मंग माझा हात बघितला, हातावरचा डाग बघितला. माझ्या जिवाला आस लागली. आता तरी इचारतील, गोजर, लई दुखलं का गं?

त्यांचे डोळे भरून आले. माझा हात हातात घेऊन म्हणले, "आगं, तू तर बिलकुल तिच्यासारखीच!"

हिसडा मारून हात सोडवला मी. तिच्यासारखी म्हणं! ती माझ्यासारखी, एवढं म्हणायला काय पैसे पडत होते?