डाव्या बाजूचा घुमारा

त्या वर्षी मार्च महिन्यात मी एकामागोमाग तीन इअरफोन घेतले आणि तिन्हींना शिव्या घातल्या. कानाच्या आत बसणारे, बोंडाएवढे. तेव्हा ते नवीन होते. बहुतेकांच्या डोक्यावर अजून स्पंजवाला पट्टाच असायचा. मला मात्र आतलेच हवे होते, आणि त्यांतून एकच गोष्ट नीट ऐकू यायला हवी होती. ढोलकीची डावी बाजू.

ढोलकी आमच्या आप्पांची. ठाण्यात वर्तकनगरच्या आमच्या कॉलनीत एक गायन पार्टी होती, तिच्यात ते वीस वर्षं वाजवत होते. आठवडाभर कारखान्यात मशिनीवर, रविवारी विहारात, आणि जयंतीच्या दिवसांत तर घरी फक्त शर्ट बदलायला यायचे. जानेवारीत त्यांना झटका आला. उजवं अंग गेलं आणि त्यासोबत वाचाही गेली. तोंडातून नुसतं 'अँ' निघायचं. तेसुद्धा रागावल्यासारखं.

मार्च उजाडला तसे पार्टीचे गायक घरी आले. आम्ही त्यांना काका म्हणायचो. आप्पांच्या खाटेपाशी जरा वेळ बसले, चहा प्यायले, आणि मला जिन्यात बोलावून म्हणाले, "हे बघ पोरी, तुझा उजवा चांगलाय, मला माहितीये. डावा येतो का? येत असेल तर जयंतीला तू बस आप्पाच्या जागेवर. नाहीतर आंबिवलीच्या ढोलकीवाल्याला मला आत्ताच सांगून ठेवायला लागेल. आणि तो एकदा बसला ना, की मग उठत नाय."

"येतो," मी म्हटलं.

साफ खोटं. मला डावा येत नव्हता. आमच्या पार्टीत शिकवायची एक रीत होती, आधी उजवा आणि अगदी शेवटी डावा. उजव्या हाताचे बोल कोरडे, स्वच्छ. ते पोरंसोरंही उचलतात. डाव्याचा आवाज जाड. थाप मारून मनगट कातड्यावर घासत पुढं सरकवायचं, की तो आवाज वळतो, खाली जातो, पुन्हा वर येतो. आप्पा त्याला घुमारा म्हणायचे. त्यांचा उजवा इतरांसारखाच होता. लोक यायचे ते त्यांच्या डाव्यासाठी.

मी बाराव्या वर्षी उजवा शिकले. चौदाव्या वर्षी म्हटलं, आता डावा. ते म्हणाले, थांब. पंधराव्या वर्षी पुन्हा विचारलं. थांब. वर "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग" असं म्हणून हसले. मी मुलगी, पण ती म्हण त्यांनी कायम माझ्यासाठीच राखून ठेवलेली. थांबणं माझ्या रक्तात नाही. मी ढोलकी सोडली, टायपिंगच्या क्लासला गेले आणि विसाव्या वर्षी वागळे इस्टेटमध्ये नोकरीला लागले. डावा राहिला तो राहिलाच.

पण आप्पांच्या जागेवर परका माणूस बसलेला मला चालणार नव्हता. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं. आप्पा अजून जिवंत आहेत आणि लोकांनी त्यांची जागा भरूनसुद्धा टाकली, असं काहीतरी मनात होतं. त्या विचारानं मला जेवण जायचं नाही.

घरात कार्यक्रमांच्या तीन कॅसेट होत्या, आमच्याच टेपरेकॉर्डरवर भरलेल्या. त्या ऐकून डावा उचलायचा असं मी ठरवलं. पण त्या घरात वाजवायची सोय नव्हती. फेब्रुवारीत एकदा मीच त्यांतली एक लावली होती, आप्पांना बरं वाटेल म्हणून. पहिल्याच गाण्याला ते रडायला लागले ते थांबेचनात. आईनं तिन्ही कॅसेट पिशवीत घालून माळ्यावर टाकल्या. "ह्या परत ह्या घरात वाजल्या तर बघ," म्हणाली. आईचं 'तर बघ' म्हणजे कोर्टाचा निकाल.

मग मी ऑफिसातल्या मैत्रिणीचा वॉकमन मागून आणला. तिचा नवरा गल्फला होता, त्याच्याकडे दोन होते. वॉकमनसोबतच्या स्पंजवाल्या पट्ट्यातून आवाज बाहेर सांडायचा, आणि आमची खोली एकच. म्हणून कानात बसणारे इअरफोन. आप्पांना आणि आईला कळू न देता, माळ्यावरची पिशवी गुपचूप उतरवून, मी ऐकायला बसले.

उजवा लख्ख. काकांचा गळा, पेटी, टाळ्या, मध्येच कुणाचं तरी खोकणं, सगळं होतं. डावा मात्र शेजारच्या बिल्डिंगमध्ये कुणी चालतंय असा. मी आवाज वाढवला तर उजवा कानात टोचायला लागला. म्हटलं, हे इअरफोनच भिकार आहेत. यांच्यात बास नाही.

तिथून माझी वरात निघाली. पहिला इअरफोन ठाणे स्टेशनजवळच्या दुकानातला होता, तिथंच परत गेले. दुकानदार म्हणाला, "मॅडम, बास चाहिये तो पहले बोलना था ना." त्यानं काउंटरखालून दुसरा काढला आणि स्वतःच्या टेपवर त्याची कॅसेट लावली. प्रत्येक दुकानात ही एक कॅसेट असायची, नुसती धबधब नाचायची. माझ्या दाढा हलल्या. म्हटलं, हाच. घरी येऊन आप्पांची कॅसेट लावली तर पुन्हा तेच, शेजारच्या बिल्डिंगमधला माणूस. मी माझी कॅसेट लावून बघायला दिली होती, पण त्यानं हात झटकला. म्हणे घरी भरलेल्या कॅसेटनं टेपचं हेड खराब होतं.

तिसऱ्यासाठी शनिवारी अर्धा दिवस मारून खोपटच्या स्टँडवरून एसटीनं कल्याणला गेले. तिथला पोरगेला दुकानदार शपथेवर सांगायला लागला, "ताई, असली जपानी आहे." खोक्यावर जपान, आत शेजारच्या कॅम्पातला नकली माल, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक असतं, तरी मी घेतला. कारण माझी तेव्हाची अवस्था अशी होती की त्यानं चंद्रावरचा सांगितला असता तरी घेतला असता. तो तर पहिल्यापेक्षाही वाईट निघाला. एक ना धड भाराभर चिंध्या.

खरं सांगायचं तर मला हे फिरणं आवडायला लागलं होतं. दुकानात उभं राहिलं की काहीतरी चाललंय असं वाटायचं. घरी गेलं की खाट होती. आप्पांच्या तोंडाच्या कडेची लाळ पुसायची, त्यांना कुशीवर वळवायचं, आणि ते एकटक बघत असताना काय बोलावं ते सुचायचं नाही. लहानपणापासून ज्यांच्या हाताकडे मी बघत आले, त्यांच्या हाताकडे बघायची मला आता भीती वाटायची. म्हणून मी उंबऱ्यातून 'आले, आले' म्हणत चप्पल काढायची आणि दहा मिनिटांत 'आलेच' म्हणत घालायची. आई म्हणायची, "पायाला भिंगरी लागलीय कार्टीच्या. ते बघ, पाणी मागतायत, तेवढं दे तरी."

पाणी मागायची त्यांची एक खूण झाली होती. खाट लोखंडी, पत्र्याची. डाव्या हातानं ते तिच्या कडेवर थापा मारायचे. आई पाण्याचं भांडं न्यायची. ते तोंड फिरवायचे, 'अँ' करायचे, कधी भांडं उलथवायचे. आई म्हणायची, आजारानं माणूस चिडका होतो. मी फरशी पुसायची आणि बाहेर पडायची.

जयंतीला अठरा दिवस उरले तेव्हा मी डोंबिवलीला गेले. पूर्वेला, बाजारात, एका जिन्याखाली रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. आत एक म्हातारे गृहस्थ, जाड चष्मा, बंडी, हातात सोल्डरिंगची सळई. मी उभ्याउभ्याच सांगितलं, "मला भरपूर बासवाला इअरफोन द्या. आणि कृपा करून तुमची कॅसेट लावू नका."

त्यांनी मान वर केली. "तुमची लावू का?"

इतक्या दुकानांत हे कुणीच म्हटलं नव्हतं. मी पिशवीतून कॅसेट दिली. त्यांनी ती आपल्या मोठ्या टेपवर चढवली, कानावर जुने जाडजूड हेडफोन घेतले आणि डोळे मिटले. अख्खं गाणं ऐकलं. मी एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते. गाणं संपल्यावर त्यांनी मागं नेऊन पुन्हा अर्धं ऐकलं.

"अहो, खर्ज ह्यात नाहीच," ते म्हणाले. "जे टेपवर उतरलंच नाही ते इअरफोन कुठून आणणार? टेप कुठे ठेवला होता रेकॉर्डिंगला?"

"गायकाच्या पुढ्यात."

"आणि ढोलकी?"

मी डोळ्यांपुढे आणलं. मध्ये काका, त्यांच्या उजव्या हाताला पेटी, डाव्या हाताला आप्पा. आमच्या पार्टीची बसायची पद्धत तीच, वीस वर्षं. आप्पांच्या मांडीवर ढोलकी आडवी, उजवी बाजू काकांकडे आणि टेपकडे. डावी बाजू पलीकडे, मांडवाच्या कापडाकडे. तिन्ही कॅसेटवर असंच.

"उजवा हात टेपला दिसत होता, डावा नाही," म्हातारबुवा म्हणाले. "हात मात्र फार गोड आहे हो. वाजवणारे आहेत का अजून? असतील तर त्यांच्याकडूनच घ्या ना सरळ. कशाला दुकानं धुंडाळता?"

"आहेत," मी म्हटलं, "पण त्यांचा उजवा हात गेलाय."

ते पुन्हा चष्मा खाली करून सोल्डरिंगला लागले. मीही पायरी उतरले, रस्त्यावर चार पावलं चालले, आणि भर बाजारात उभी राहिले. मागून एक सायकलवाला ओरडला. उजवा गेलाय. मी स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं, उजवा गेलाय.

काखेत कळसा न् गावाला वळसा ही म्हण शाळेत असताना मी दहा वेळा वाक्यात उपयोग करून लिहिली असेल. ती कुणावर बेतलीय ते त्या दिवशी कळलं. परतीच्या सबंध वाटेत मी स्वतःलाच शिव्या घातल्या.

घरी आले तेव्हा आप्पा थापा मारत होते आणि आई भांडं घेऊन निघाली होती. मी तिच्या हातातून भांडं घेतलं, खाली ठेवलं आणि म्हटलं, "आई, थांब. ऐक." माझ्या तोंडून 'थांब' निघालेलं आईनं पहिल्यांदाच ऐकलं असेल. आम्ही दोघी ऐकत उभ्या राहिलो. थाप, मग तळहात घासत पुढं, थाप, थाप, पुन्हा घासत मागं. जयंतीच्या पहिल्या गाण्याचा ठेका होता, निम्मा. पत्र्यातून तो जाड, खोल येत होता. जानेवारीपासून तो माणूस रोज वाजवत होता आणि आम्ही त्याला पाणी पाजत होतो.

मी माळ्यावरून ढोलकी उतरवली, तिची धूळ पदरानंच पुसली आणि खाटेवर आडवी ठेवली. डावी बाजू त्यांच्या हाताशी, उजवी माझ्याकडे. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मग रडले, पण फेब्रुवारीसारखं नाही; रडत रडत वाजवत होते. मी उजवा धरला. दोन आवर्तनांत माझी लय पळाली, तशी त्यांनी डाव्या हातानं माझ्या मनगटावर फटका मारला. चांगला सणसणीत. मला इतका आनंद झाला की मी आणखी एकदा चुकले.

अठरा दिवस मी ऑफिसातून थेट घरी आले. त्यांचा हात बघायचा, मग ढोलकी फिरवून घ्यायची आणि तसा माझा डावा घासायचा. चुकलं की फटका. शेवटच्या रविवारी मला एक बुद्धी झाली. टेपरेकॉर्डरमध्ये कोरी कॅसेट घालून तो खाटेच्या डाव्या अंगाला, भिंतीशी ठेवला आणि आप्पांना म्हटलं, आता तुम्ही एकटेच वाजवा. त्यांनी जयंतीच्या सातही गाण्यांचा डावा एकापाठोपाठ एक वाजवला. मध्ये एकदाही थांबले नाहीत.

जयंतीला मी त्यांच्या जागेवर बसले. आप्पांना खुर्चीवर बसवून पुढच्या रांगेत आणलं होतं. सातांपैकी चार गाणी मी निभावली. पाचव्याला माझं डावं मनगट आखडलं आणि काकांनी डोळ्यांनीच आंबिवलीवाल्याला खूण केली. त्यांनी त्याला सांगून ठेवलंच होतं, हुशार माणूस. मी चरफडत उठले. आप्पा हसत होते. चेहऱ्याची एकच बाजू हसत होती, पण हसत होते. थांब, असंच मनात म्हणत असणार.

दिवाळीनंतर ते गेले. पुढच्या जयंतीला सातही गाणी मी वाजवली.

तीन इअरफोनांपैकी ठाण्याचा दुसरा अजून चालतो. त्या भिंतीकडच्या कॅसेटवर त्याचा बास असा लागतो की छातीत जाणवतो. दुकानदार खरं बोलत होता बिचारा. त्या कॅसेटवर गाणं नाही, पेटी नाही, उजवा हात नाही. ती लावली की मला ढोलकी घेऊन बसावं लागतं, आणि लय पळवून चालत नाही.