बावन्न तारखेची बाई

मंडळी, लेकीच्या बाळंतपणासाठी मिलानला फ्लॅट हवाय, म्हणून आज लंडनच्या क्रॉयडनमधल्या एका एजन्सीच्या वेबसाइटवर बसले. त्यांनी आम्हा दोघांचे इटालियन टॅक्स कोड मागितले. ह्यांचा पास, माझा म्हणे चुकीचा.

ह्या कोडात जन्मतारीख असते, आणि इटलीत बाईच्या तारखेत चाळीस मिळवतात. माझी बारा, म्हणून कोडात बावन्न. साइट म्हणते, महिन्यात बावन्न दिवस नसतात!

हेल्पलाइनवरची बाई म्हणाली, "मॅडम, आमच्या बटणाने नवा कोड बनवा." बनवला. त्यात बारा तारीख, म्हणजे पुरुषाचा कोड.

हे सोफ्यावरून म्हणाले, "अगं, घे तोच. घरात पुरुष तूच आहेस."

शाळेत नन्सनी शिकवलं होतं, फॉर्मवर खोटं लिहू नये. पण लेकीचे दिवस भरलेत. मी मुकाट्याने पुरुष झाले.

वेबसाइटने मानावं म्हणून तुम्ही आजवर काय काय झालात?