डेर्क हामिंगाच्या घरचे पडदे

आमच्या हामेरझाइल गावात संध्याकाळी कुणी पडदे ओढत नाही. ओढलेच, तर दुसऱ्या दिवशी बेकरीत विचारणा होते, "काय, घरी सगळं बरं ना?" त्यामुळे डेर्क हामिंगा आणि त्याची बायको हिल्ये मार्चमध्ये शाळेसमोरच्या घरात राहायला आले, तेव्हा त्यांचे पडदे खालून शिवलेले नाहीत, नुसते दुमडून टाचण्या लावल्यात, हे पहिल्याच संध्याकाळी सगळ्यांना कळलं. मी काही मुद्दाम बघायला गेलो नव्हतो. कुत्र्याला फिरवत होतो. कुत्रा नेमका तिथेच थांबला, त्याला मी काय करणार?

"टाचण्या!" वुब्बो म्हणाला. वुब्बो माझा शेजारी. पोस्टमन होता, आता निवृत्त झालाय, पण दुसऱ्यांच्या घरात डोकावायची सवय काही निवृत्त झालेली नाही. "म्हणजे बाईला खात्री नाही."

"कसली?"

"नवरा इथे टिकेल याची. तुला असेल खात्री, तर जा, दे शिवून."

खात्री असणार कशी? डेर्क आमच्याच गावचा. लहानपणी चर्चमध्ये त्याची आई त्याला दोन जाड मावश्यांच्या मधे बसवायची, निसटू नये म्हणून. तरी प्रार्थना संपेपर्यंत एका मावशीच्या मांडीवर बुटांचे ठसे उमटलेले असायचे. शाळेत मास्तरांनी त्याला फळा पुसायचं कायमचं काम देऊन टाकलं होतं. फळा पुसायला काहीही नसलं तरी. पुढे तो फुटबॉल खेळायला लागला आणि सगळ्या गावाने सुटकेचा श्वास सोडला.

मधल्या फळीत खेळायचा, असं म्हणायचं एवढंच. खरं म्हणजे तो मैदानभर खेळायचा. कॉर्नर मारला की स्वतःच डोकं लावायला धावत सुटायचा, आणि वुब्बो ओरडायचा, "अरे, कुणीतरी जाळीत पण उभे राहा, नाहीतर तो गोल अडवायलाही जाईल!" एकोणिसाव्या वर्षी शहरातल्या मोठ्या क्लबाने त्याला उचललं. तिथला ट्रेनर फार शिस्तीचा.

"हामिंगा, आपल्या जागेवर उभा राहा. चेंडू तुझ्याकडे येईल."

"आणि नाही आला तर?"

"तर वाट बघ."

"मग माझं आयुष्य कोण जगणार?" असं डेर्क म्हणाला, असं डेर्कच सांगतो. त्या मोसमात तो बराच वेळ बाकावर होता, एवढं मात्र आम्ही वर्तमानपत्रात वाचलेलं आहे.

तिथून तो दक्षिणेला गेला, मग बेल्जियमला, मग परत, मग समुद्र हटवून केलेल्या त्या नव्या सपाट मुलखातल्या एका क्लबात. शेवटी गुडघा गेला. ज्या माणसाला उभ्याने जेवायची सवय, त्याचा गुडघा जावा! हिल्ये सांगते, त्या वर्षी तो कुबड्या घेऊन घरातल्या घरात इतका फिरला, की गालिच्याला भोकं पडली.

मग तो ट्रेनर झाला. आणि ट्रेनर होऊन पोरांना काय सांगायचा? "जागा सोडू नका!" स्वतः रेषेच्या कडेने या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत, तोंडात ज्येष्ठमधाची काळी गोळी, आणि ओरडतोय काय, तर जागा सोडू नका. एकदा निशाणवाला पंच दोनदा त्याच्यावर आदळला, तेव्हा त्याने निशाणच डेर्कच्या हातात दिलं. "घे. माझ्यापेक्षा जास्त तूच पळतोयस."

पण कुठल्याही क्लबात दोन मोसमांच्या वर राहिला नाही. कुणी काढला नाही हो. उलट थांब म्हणायचे. दुसरा नाताळ उलटला की याच्याच पायाला भिंगरी लागायची. दर वेळी हिल्ये पडदे खोक्यात भरायची. दक्षिणेत खिडक्या अरुंद, बेल्जियममध्ये उंच, सपाट मुलखात दुकानाच्या काचेएवढ्या रुंद. तिने ते पडदे कापले, जोडले, पुन्हा कापले. शेवटी ते पडदे कमी आणि गोधडी जास्त दिसायला लागले.

इथे यायच्या आधीच्या हिवाळ्यात तिने सांगून टाकलं. हे मला वुब्बोच्या बायकोने सांगितलं, तिला हिल्येच्या बहिणीने, म्हणजे खरंच असणार. "डेर्क, मी आता गावी जाऊन राहणार. तुला यायचं असेल तर ये."

डेर्क तेव्हा कालव्यापलीकडच्या ओल्डेवियर गावचा ट्रेनर होता आणि तिथला त्याचा दुसरा मोसम चालू होता. जानेवारीत आमच्या क्लबाचा अध्यक्ष सीबोल्ट त्याच्याकडे गेला. सीबोल्ट बटाट्याचा व्यापारी. बोलताना समोरच्याला चाचपून बघतो. पुढच्या मोसमापासून डेर्क आमचा ट्रेनर, असं ठरलं. आमच्याकडे हे असंच चालतं. हिवाळ्यात सगळे क्लब पुढचा ट्रेनर ठरवून मोकळे होतात, आणि उन्हाळ्यापर्यंत माणूस एकाच्या ताटात जेवतो आणि दुसऱ्याशी साखरपुडा करून बसतो. कुणाला त्यात वावगं वाटत नाही. ओल्डेवियरनेही आपला नवा माणूस ठरवून टाकला.

सीबोल्टने फक्त एक अट घातली. आपला संघ लीगच्या चौथ्या वर्गात टिकला तर करार. शेवटच्या पाचव्या वर्गात घसरलो तर नाही, तिथे पगारी ट्रेनर परवडत नाही. त्या वेळी आम्ही इतके वर होतो की दोघेही हसले.

मग आम्ही हरायला लागलो.

फेब्रुवारीत हरलो, मार्चमध्ये हरलो, ईस्टरला चर्चमधून येऊन हरलो. मे महिन्यातल्या शेवटच्या शनिवारी आमची अशी गत होती, की बरोबरी झाली तर टिकणार, हरलो तर घसरणार. आणि शेवटचा सामना कुणाशी? ओल्डेवियरशी. डेर्कच्या ओल्डेवियरशी! त्यांना जिंकून काही मिळायचं नव्हतं, हरून काही जायचं नव्हतं. जायचं होतं ते डेर्कचं. आसपासचे सगळे क्लब भरलेले. आमचा करार मोडला की पुन्हा कुठेतरी दूरचा मुलूख, पुन्हा खोका. हिल्येने नुकतेच दारात वाटाणे लावले होते.

त्या आठवड्यात गाव डेर्कशी फार गोड वागलं. बेकरीवाली त्याला पाव देताना डोळा मारायची. सीबोल्टने त्याला भर रस्त्यात गाठलं.

"डेर्क, तुझी पोरं दमली असतील नाही? मोसम फार लांबला यंदा."

"विचारतोयस की सांगतोयस?"

"मी? मी आपला हवापाण्याच्या गोष्टी करतोय."

"मग हवापाण्याचं बोल. वारा उत्तरेचा आहे," म्हणून डेर्क चालता झाला.

गुरुवारी मला तो समुद्राच्या बांधावर भेटला. वाऱ्यासमोर डोकं खाली घालून येरझारा घालत होता. मेंढ्यासुद्धा त्याला वाट देऊन कंटाळल्या होत्या.

"मोय, डेर्क," मी आमच्याकडचा रामराम घातला.

"मोय."

"शनिवारी काय करणार?"

"सामना आहे शनिवारी."

"ते मला माहीत आहे. तू काय करणार?"

तो थांबला. पण पाय जागच्या जागी हलतच होते, थंडीत घोड्याचे हलतात तसे. "मी काही नाही करणार," तो म्हणाला. "मी कुणाला हरायला सांगणार नाही. मी काहीच नाही करणार." आणि पुन्हा चालायला लागला.

मला वाटलं, बोलण्याची पद्धत. शनिवारी कळलं, त्याने शब्दशः ठरवलं होतं.

सामना सुरू झाला आणि डेर्क बाकावर बसला. नुसता बसला नाही, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला. कठड्याशी आम्ही सगळे म्हातारे रांगेने उभे होतो. वुब्बोने माझ्या बरगडीत कोपर मारलं.

"बसलाय!"

"दिसतंय मला."

"अरे, डेर्क हामिंगा बसलाय! टिकलो आपण!"

ही बातमी वाऱ्यासारखी मैदानाभोवती फिरली. सीबोल्टने आजूबाजूच्यांना कॉफी पाजली, यावरून काय ते समजा. मैदानात ओल्डेवियरची पोरं चुकलेल्या मेंढरांसारखी फिरत होती. इतके महिने कानाशी अखंड ओरडणारा माणूस एकाएकी मुका झालेला. त्यांचा मधल्या फळीतला येले नावाचा सुतार आपल्या जागेवर खांबासारखा उभा, कारण जागा सोडू नको हे त्याला दोन मोसम घोकवलेलं. चेंडू काही त्याच्याकडे येईना. तो सारखा बाकाकडे बघायचा, दोन्ही हात पसरून. डेर्क गवताकडे बघायचा. त्याची मान लाल झाली होती आणि टाचा जमिनीवर टकटक वाजत होत्या, पण बूड काही हललं नाही.

मध्यंतरापर्यंत दोघांचेही गोल शून्य. नंतरही तसंच. आम्ही मनातल्या मनात चौथा वर्ग घट्ट धरून उभे. आणि तेवढ्यात आमच्या मागून आवाज आला.

"डेर्क!"

हिल्ये होती. सामन्याला ती कधी येत नाही; सत्तावीस वर्षं एकच माणूस धावताना बघायचा म्हणजे काय करमणूक, म्हणते. आज बहिणीबरोबर आली होती.

"डेर्क! बसलायस काय असा? बरं नाही का तुला?"

"हिल्ये, गप्प!" बहिणीने तिची बाही ओढली. "तुझंच घर जाईल, बाई!"

"जाऊ दे. हा असा बाहुला घेऊन त्या घरात मी काय करू?" आणि पुन्हा मैदानाकडे, साऱ्या गावाला ऐकू जाईल असं, "ऊठ! मला असलं बघवत नाही! ऊठ म्हणते ना!"

डेर्कने वर बघितलं. बराच वेळ बघितलं असं आम्हाला वाटलं. वुब्बो म्हणतो, एक क्षणही नसेल. मग मांड्यांखालचे हात निघाले, आणि तो माणूस बाकावरून असा सुटला की पाण्याच्या बाटल्या आडव्या झाल्या.

"येले! जागा सोड!"

येलेला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"जागा सोड, लाकडा! चेंडू येत नाही, तर तू जा त्याच्याकडे!"

येले गेला. आमच्या पोरांनी खांबाला खांब म्हणून सोडून दिलेलं. खांब चालायला लागल्यावर त्याला अडवणार कोण? आमच्या गोलरक्षकाने निदान झेप तरी सुंदर घेतली.

एक शून्य. घसरलो.

कॅन्टीनमध्ये मयताला जमल्यासारखी माणसं बसली होती. ओल्डेवियरच्या पोरांनी बिअर पटापट आणि गुपचूप संपवली. सीबोल्ट डेर्कसमोर जाऊन उभा राहिला.

"करार संपला. ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

"मग का केलंस असं?"

"बायकोला विचार."

सीबोल्टने हिल्येकडे बघितलं. आणि नाही विचारलं. व्यापारी माणूस, कुठे घासाघीस होत नाही हे त्याला कळतं.

त्या संध्याकाळी माझ्या कुत्र्याला पुन्हा फिरायला जायचं होतं. वुब्बोही निघाला, कुत्रा नसताना. खिडकीत हिल्ये स्टुलावर उभी राहून पडद्यातल्या टाचण्या काढत होती. "चालली," वुब्बो म्हणाला, "खोका भरतेय." पण ती खुर्चीवर बसली, पडदा मांडीवर ओढला आणि सुईत दोरा ओवला. डेर्क तिच्याभोवती फिरत होता. तिने त्याला पडद्याचं दुसरं टोक धरायला लावलं, म्हणून निदान तेवढ्या परिघातच फिरला.

उन्हाळा संपला. डेर्ककडे क्लब नव्हता, जन्मात पहिल्यांदाच. दूरहून एक बोलावणं आलं होतं. हिल्ये म्हणाली, "जा की. सहाला जेवायला घरी ये." तिथून सहाला घरी येणं शक्यच नव्हतं. मग तो आमच्यातच, कठड्याशी यायला लागला. पाचव्या वर्गात वुब्बोचा पुतण्या फुकटात ट्रेनर होता, आणि डेर्क कठड्यामागून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचा, तोंड घट्ट मिटून, कारण सीबोल्टने बजावलं होतं, "यायचं तर ये, पण शब्द काढायचा नाही." नोव्हेंबरपर्यंत तिथलं गवत उडून चिखलाची पायवाट झाली. आम्हाला दर दोन मिनिटांनी पाय मागे घ्यावे लागायचे. आणि आम्ही हरतच होतो.

जानेवारीत, पुढचा ट्रेनर ठरवायच्या दिवसांत, एका संध्याकाळी सीबोल्ट शाळेसमोरच्या घरात शिरताना दिसला. आम्ही पलीकडच्या फुटपाथवर उभे राहिलो. आत हिल्येने कॉफी ओतली. सीबोल्ट बोलत होता, हिल्ये ऐकत होती, डेर्क उभाच होता.

"काय म्हणतोय तो?" वुब्बोने विचारलं.

"काचेतून मला ऐकू येतं का?"

हिल्येने बिस्किटांचा डबा उघडला. सीबोल्टने एक घेतलं. आता आमच्या गावात एक दिलं की झाकण लागतं, पाहुणा कुणी का असेना. हिल्येने हात झाकणावर ठेवला. आणि काढून घेतला.

"डबा उघडाच ठेवलाय," वुब्बो कुजबुजला. "म्हणजे जमतंय."

तेवढ्यात हिल्येने खिडकीकडे बघितलं, उठली, आणि आमच्या तोंडावर ते शिवलेले पडदे ओढून घेतले.