मी बघितलं की यान पडतं

चंद्रावर यान उतरणार होतं त्या संध्याकाळी आमच्या चिकलठाण्याच्या घरात टीव्हीसमोर अर्धी गल्ली जमली होती, आणि मला बाहेर काढलं होतं. मला! शाळेत विज्ञान शिकवते मी. पोरांना चंद्राच्या कला समजावताना मोसंबी फिरवून फिरवून हात दुखलेत माझे.

कारण काय, तर मागचं यान. तेव्हा मी सोफ्यावर बसून "आता उतरलंच!" म्हणाले आणि तिकडं संपर्क तुटला. त्याआधी एकदा फायनल बघायला बसले, तर धडाधड विकेट पडल्या. आमच्यात मॅच रंगात आली की जो जिथं बसलाय तिथून हलायचं नाही, असा सासऱ्यांचा कायदा आहे. त्यांना आम्ही मामा म्हणतो.

"सूनबाई, तू बघू नको," मामा म्हणाले. "राग मानू नको, पण देशाचा प्रश्न हाय."

"मामा, यान कुठं, मी कुठं! माझ्या बघण्यानं काय होतंय?"

"मागच्या बारीला काय झालं?"

नवऱ्याकडं बघितलं. तो म्हणाला, "जा ना थोडा वेळ. रिपीट दाखवतात नंतर." हात्तिच्या! जन्मभर वाट बघितली ती काय रिपीटसाठी?

दुर्बिणीतून आकाश बघणाऱ्या त्या म्हाताऱ्याला घरात डांबलं होतं, हे मी दरवर्षी शिकवते. पण त्याला निदान बघून झाल्यावर डांबलं. मी चरफडत जिन्यात जाऊन बसले. लई रडू आलं, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या काकू गुडघे धरत खाली आल्या. हातातल्या मोबाइलवर तेच चालू होतं.

"अगं बाई, तुलाच बाहेर बसवलं? अक्कल गहाण टाकली का यांनी? घे, माझ्यात बघ." त्यांनी मोबाइल माझ्यापुढं धरला. यान खाली खाली येत होतं. आत मामा ओरडत होते, "कुणी हलू नका रे!"

डोळ्यांनी बघितल्याशिवाय विश्वास ठेवू नका, असं मी पोरांना रोज सांगते.

मी मोबाइल पालथा केला. "काकू, उगं विषाची परीक्षा कशाला? आधी उतरू द्या."

आत एकदम गलका झाला. मामा अनवाणी बाहेर धावत आले, माझे दोन्ही हात धरले. त्यांचे डोळे भरले होते.

"उतरलं गं! तुझ्यामुळं उतरलं!"

मी नाय म्हणाले नाही. मलाही तसंच वाटत होतं.