मेणाचा ठसा
वीज गेली आणि मेणबत्तीचा वास आला की मला लातूर आठवतं, नुकताच जिल्हा झालेलं, दुष्काळात टँकरची वाट बघत बसलेलं. आम्ही दोघं नांदेडहून तिथल्या पोलीस शस्त्रागारात बदलून आलो होतो. मी हुद्द्यानं थोरला, तो माझ्या हाताखालचा कारागीर. उदगीरहून निजामी फौजेतलं एक जुनं पिस्तूल जमा झालं आणि त्याचं काडतूस कोणतं, असं साहेबांनी विचारलं. मी एक काडतूस घालून पाहिलं, ते बसलं, अन् मी छातीठोकपणे सांगून टाकलं. तो हळूच म्हणाला, "दादा, बसलंय खरं, पण लई सैल हाय. उडवलं तर हातात फुटंल." मग त्यानं नळीत चिंधी कोंबली, काडतुसाच्या जागी मेणबत्ती वितळवून ओतली आणि गार झालेला ठसा मापून खरं काडतूस सांगितलं. साहेबांनी सगळ्यांदेखत त्याची पाठ थोपटली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. दुपारी तो जेवायला गेला तेव्हा मी तो ठसा खिडकीत उन्हात ठेवला, घटकाभरात पाघळला. परत आल्यावर त्यानं मेणाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "असू द्या दादा, माप लिहून ठेवलंय," एवढंच म्हणाला. मी रजिस्टर उघडलं. मापाखाली तपासणारे म्हणून दोघांची नावं होती, माझं आधी. ठसा वितळवल्याची लाज केव्हाच विरली. माझं नाव आधी लिहिण्याचा त्याचा मोठेपणा मात्र मला आजही सहन होत नाही.