चार धोतरं आणि एक विमान

माझ्या काकाला विमान चालवता येतं, असं मी शाळेत सांगितलं की पोरी तोंडाला पदर लावून हसायच्या. तेव्हा आमचा जिल्हा अजून मध्य प्रदेशात होता आणि हिंगणघाटच्या आसपासच्या खेड्यांत साधी मोटार आली तरी अर्धं गाव गोळा व्हायचं. काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. नागपुरात नोकरीला होता, आणि हौस म्हणून तिथल्या फ्लाइंग क्लबात विमान शिकला होता. त्या उन्हाळ्यात रविवारी सकाळी क्लबाचं चार जणांचं छोटं विमान घेऊन तो आमच्या शेतात उतरायचा आणि घरच्यांना एकेक फेरी मारून आणायचा.

उतरायचा तो बरडावर, म्हणजे मुरमाच्या कडक जमिनीवर. काळ्या रानाला उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात, तिथं चाक अडकलं की खेळ खलास. काकाचा नियम ठरलेला होता. जमीन साफ असेल, गुरं हाकलली असतील, तर चार पांढरी धोतरं एका ओळीत वाऱ्याच्या दिशेनं अंथरायची आणि कडांवर दगड ठेवायचे. धोतरं दिसली तर उतरायचं, नाही तर आल्या वाटेनं परत. हा नियम पंचक्रोशीत पसरायला एक बाजार पुरला.

बाबा विमानात बसले नाहीत ते नाहीतच. बैलगाडीतही ते मागच्या बाजूला, पाय खाली सोडून बसत, म्हणजे वेळ आलीच तर उडी मारता यावी. आईसुद्धा दर रविवारी काही ना काही काम काढायची. आज वड्या घालायच्या आहेत, आज डोकं दुखतं. मग एका रविवारी ती नवं लुगडं नेसून बरडावर हजर! वीस मिनिटांच्या फेरीला तिनं भाकरीची शिदोरी बांधून घेतली होती. विमानात चढताना तिनं चपला खाली काढून ठेवल्या, घरात शिरताना काढतो तशा. कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट तिचं बघून मीही काढल्या.

काका आणि आई पुढे, मी मागे. वर जाईपर्यंत आई डोळे घट्ट मिटून होती. खाली जिनिंगच्या आवारातले कापसाचे ढीग दिसले, मग वणा नदीची वाळू दिसली. तेव्हा तिनं डोळे उघडले आणि इंजिनाच्या आवाजात ओरडून म्हणाली, "भाऊजी, नदीच्या पल्याड न्या ना जरा."

नदीच्या पलीकडे आईचं माहेर होतं. सहा वर्षांत ती तिथं गेली नव्हती. तिची आई वारली ती नदीला ऐन पूर असताना. मामांनी, म्हणजे तिच्या थोरल्या भावानं, तिसऱ्या दिवशी निरोप धाडला. आई पोहोचली तेव्हा राखही सावडून झाली होती. मामांच्या अंगणात उभी राहून ती म्हणाली होती, "या गावाच्या मातीले मी पुन्हा पाय लावणार नाई." आई हट्टी, तिचे शब्दही हट्टी. सणासुदीला बोलावणी आली, ती तिनं दारातूनच परत पाठवली. पण चुलीपुढं बसून माहेरच्या विहिरीचं पाणी किती गोड होतं, हे ती मला आठवड्यातून एकदा तरी सांगायची. मला तिचा राग यायचा. जायचं नाही, तर मग सांगायचं कशाला?

काकानं नदी ओलांडली. आईनं काचेला कपाळ लावलं. "ते लिंबाचं झाड... ती विहीर," ती म्हणत होती. आणि गावाबाहेरच्या बरडावर एका ओळीत चार धोतरं अंथरलेली होती.

"उतरू नका भाऊजी," आई म्हणाली.

"वहिनी, धोतरं दिसली म्हणजे उतराचं. कोणी बिमार असन त?" काकानं विमान खाली घेतलं.

धोतरांच्या टोकाशी मामा एकटेच उभे होते. आडदांड माणूस, त्यांच्या आवाजानं बैल बिचकायचे. काकानं उतरल्या उतरल्या विचारलं, "कोण बिमार हाय?"

"कोणीच नाई."

"मंग धोतरं काऊन आंथरली?"

मामा खाली बघून बोलले. "दुरून घरघर आयकू येते. चार रविवार झाले, आंथरून राह्यलो. म्हटलं, बाई बसली असन त एक डाव इकडं पाहीनच."

आई जागची हलली नाही. मामांकडे न बघता ती काकाला म्हणाली, "मी उतरत नाई. माहा शब्द हाय."

मामा विमानाच्या दाराशी आले. "चूक माहीच हाय बाई. पूर होता, पण डोंगाही होता. निरोप धाडला असता त तू त्याच पुरात डोंग्यात बसली असती, मी वयखतो तुले. मायले त घालवून बसलो होतो. तुलेही वणेत घालवाचं होतं का?"

हे आईला कोणी सांगितलं नव्हतं. तिची मान मामांकडे वळली.

मग मामांनी एका धोतरावरचे दगड काढले, ते आणून विमानाच्या दाराला लागून लांबीत अंथरलं. त्यापुढे दुसरं, तिसरं, चौथं. लग्नात व्याह्यांसाठी घालतात तशा पायघड्या. "मातीले पाय लावू नको," ते म्हणाले. "याच्यावरून ये."

आई उतरली. अनवाणी पायांनी धोतरावर उभी राहिली आणि चालू लागली. मी शपथ घेतलेली नव्हती, म्हणून मी आपली शेजारून, भाजणाऱ्या मुरमावरून उड्या मारत. घर लिंबाच्या झाडापलीकडे, आणि धोतरं चारच. मामा मागचं धोतर उचलायचे, वळसा घालून पुढे आणायचे, वाकून अंथरायचे. पुन्हा मागं, पुन्हा पुढं. त्यांचा फेटा सुटून गळ्यात आला, दम लागला, पण ते थांबेनात. एवढ्या मोठ्या माणसाला असं वाकताना बघून मला रडू यायला लागलं. आई मात्र सरळ समोर बघत चालत होती.

लिंबाजवळ मामांचा गुडघा टेकला. ते हात टेकून उठू लागले, तशी आई थांबली.

"दादा, पुरे. आता वाकू नको."

आणि ती धोतरावरून खाली उतरली. दोन्ही पाय मुरमावर टेकून तिनं मामांना उठवलं. मग दोघंही रडली, अगदी हंबरडा फोडून.

विहिरीचं पाणी मीही प्यायले. चांगलं खारट होतं. आईला मी ते कधीच सांगितलं नाही.

आम्ही आमच्या बरडावर परत उतरलो तेव्हा दुपार झाली होती. बाबा तिथंच उन्हात उभे होते, आमच्या चपला हातात घेऊन. त्यांचा चेहरा काळजीनं पार उतरला होता. त्यांनी आईच्या चपला तिच्यापुढे ठेवल्या आणि एवढंच म्हणाले, "घाल. पाय भाजतीन."

आईनं चपला उचलून हातात घेतल्या. "राहू द्या," ती म्हणाली, "माहेरची माती हाय पायाले." आणि तशीच अनवाणी घरापर्यंत चालत आली.