हिवताप विसरलेलं अंग

आमच्या गावात पावसाळा लागला की हिवताप यायचा, आणि आम्हा पोरांना त्याचं फारसं काही वाटायचं नाही. दुपारी हुडहुडी भरायची. माय दोन वाकळी अंगावर टाकायची आणि वरून स्वतः दाबून बसायची. घाम फुटला की ताप उतरायचा, आणि संध्याकाळी आम्ही आंबिलीचा पेला घेऊन अंगणात हजर. वाढत्या वयाबरोबर ती हुडहुडीही बारीक होत गेली. नंतर नंतर तर ताप येऊन गेल्याचं नुसत्या कडू तोंडावरून कळायचं.

आता मी पुण्यात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. मुलांना सांगते की जंतूच्या अंगावर काही खुणा असतात, त्यांना प्रतिजन म्हणायचं. शरीर त्या खुणा पाहून ठेवतं आणि त्यांच्यावर नेमकी बसतील अशी प्रतिपिंडं तयार करतं. लस म्हणजे आजारात न पाडता या खुणांशी करून दिलेली ओळख. गोवराची ओळख एकदा झाली की शरीर ती सहसा जन्मभर विसरत नाही. हिवतापाचा जंतू मात्र पक्का लबाड, तो आपल्या खुणा बदलत राहतो. त्यामुळे त्याची ओळख होते ती अर्धीमुर्धी, तीही वर्षानुवर्षं ताप काढून. मग गाठभेट थांबली की ती पुसट होत जाते. हे शेवटचं वाक्य लिहायला विसरणाऱ्या पोरांचे मार्क मी न चुकता कापते.

नोकरी लागल्यापासून पावसाळ्यात गावी जाणं जमलंच नव्हतं. कॉलेज जूनमध्ये सुरू होतं, म्हणून मी जायची उन्हाळ्यात. तेव्हा भाताच्या बांध्या भेगाळलेल्या असतात आणि सगळं गाव सावली धरून बसलेलं. मला हवा असायचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी. गुडघाभर चिखल, हातात पऱ्ह्यांची जुडी, एका ओळीत वाकलेल्या बाया आणि त्यांचं न संपणारं बोलणं. पुण्यात पाऊस आला की मला रडू यायचं. हे मी कोणाला सांगत नसे, कारण तिथे पाऊस आला की लोक भजी खातात.

गेल्या वर्षी गडचिरोलीच्या एका कॉलेजात माझ्या विषयाची जागा निघाली. मी मायला न विचारता अर्ज केला आणि रजा टाकून ऐन रोवण्यात घरी गेले. अर्जाचं ऐकून माय इतकी हरखली की शेजारणीला सांगायला चुलीवरचा भात तसाच टाकून गेली. वडील गेल्यापासून ती घरात एकटीच होती. माझ्या डोक्यात सगळं ठरलेलं होतं: मी गावातून बसने ये-जा करीन, आणि संध्याकाळी आम्ही दोघी एका ताटात जेवू.

त्या दिवशी अंधार पडायच्या आत तिनं माझ्या खाटेवर औषध लावलेली सरकारी मच्छरदाणी बांधली. आमच्याकडे ती बाहेरून आलेल्यांसाठी काढायची रीत. मास्तर आले, फॉरेस्टवाले आले की पेटीतून निघायची. मला रागच आला.

"मी काय पाहुणी हाओ का माय?"

"तुले सवय नाई आता."

"इथीच वाढली मी," असं म्हणत मी ती दाणी सोडून घडी घातली. बारावीला जीवशास्त्र शिकवणाऱ्या बाईनं हे केलं. माझ्या हाती माझाच पेपर आला असता तर मी शून्य दिला असता.

पण रोवणा झकास झाला. बाया हसत होत्या, "मॅडमची ओळ पाहा ना वो, नागमोडी चालली!" कंबर मोडली, नखांत चिखल बसला, आणि मी इतकी सुखात होते की मला पुण्याच्या घराचं कुलूपसुद्धा आठवेना.

रजा संपत आली तेव्हा ताप चढला. लहानपणीचा तो ओळखीचा ताप हा नव्हताच. गावच्या आशाताईनं बोट टोचून पट्टीवर रक्त घेतलं. पट्टी पाहून तिचा चेहरा उतरला. गोळ्या दिल्या, त्या उलटून पडल्या. दुसऱ्या दिवशी मी भलतंच बोलायला लागले, तेव्हा मायनं गाडी करून मला गडचिरोलीच्या दवाखान्यात नेलं. शुद्धीवर आले तेव्हा हाताला सलाईन होतं आणि पायाशी माय बसली होती.

डॉक्टरांनी तिचंही रक्त तपासलं होतं. तिच्या रक्तातही तोच जंतू निघाला. अंगात ताप नव्हता. ती मजेत डबा धरून बसली होती.

"मंग मले काऊन काई नाई झालं?" तिनं विचारलं.

"तुमच्या अंगाला त्याची ओळख आहे, बाई," डॉक्टर म्हणाले. "यांच्या अंगाची गेली."

मायला गोळ्या देऊन ते पुढच्या खाटेकडे गेले. मी भिंतीकडे तोंड करून रडले. जिवाची भीती तोवर सरली होती. इतकी वर्षं मी मनानं रोज या गावात राहत होते, आणि माझ्या रक्तानं मला न विचारता गाव सोडलं होतं, याचं ते रडू होतं.

घरी आल्यावर माय म्हणाली, "तो अर्ज वापस घे."

मी समजावलं. मच्छरदाणी वापरीन, ताप आला की लगेच तपासीन. बाहेरचे इतके लोक इथे नोकरी करतात, सगळे काय मरतात? तिकडे आफ्रिकेत लेकरांना हिवतापाची लससुद्धा देऊ लागलेत, इथेही येईल कधीतरी. मायनं सगळं ऐकून घेतलं.

"तुया पाठची अशीच बडबडली होती," ती म्हणाली. "दोन वर्साची. तिच्या अंगाले ओळख व्हाची होती अजून. तू दूर हायेस त हायेस तरी."

तापात गेलेल्या माझ्या लहान बहिणीबद्दल ती माझ्यासमोर कधी बोलली नव्हती. मी अर्ज मागे घेतला.

यंदा रोवण्याच्या दिवसांत मी मायला फोन लावला, ती बांधीवर होती. मागून बायांचा गलका येत होता. मी म्हटलं, "माय, चार दिवस येऊ का? दाणीतच झोपीन."

"उन्हाळ्यात येजो," ती म्हणाली.

तेवढ्यात कोणीतरी ओरडून विचारलं, मॅडम कवा येऊन राह्यली? फोन बंद करायचं मायला नीट जमत नाही. ती चिखलातून चालत गेल्याचा आवाज आला, आणि मग तिनं त्या बाईला दिलेलं उत्तर.

"नाई येत वो. तिले आपल्या इथलं मानवत नाई."